बुधवारचा बाजार आणि गंगापूरचें पाणी

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे काशी-रामेश्वर, काश्मीर, निदान महाबळेश्वर तरी असावें, अशी वाचकांची साहजिक अपेक्षा असते. आम्ही येथें ज्या प्रवासाची हकीकत सांगणार आहों, तो सकाळीं घरून निघून दिवेलागणीस घरीं परतण्याचा, चाळीस किलोमीटरांच्या आंतबाहेरचा, आणि तोही ज्या नाशिक क्षेत्रीं आमचा सारा जन्म गेला त्याच क्षेत्रींचा आहे. इतक्या आटोपशीर प्रवासाचें वर्णन वाचकांपुढें मांडावें कीं न मांडावें, हा विचार आमच्याही मनांत आला होता. परंतु त्या एका दिवसांत जें आम्हांस कळलें, तें या गांवीं इतकीं वर्षें राहूनही कळलें नव्हतें. आणि तें कळावयास एक बारा वर्षांचा मुलगा, एक डोंगरांतली म्हातारी आणि एक नावाडी असे तीन गुरु करावे लागले. म्हणून हा लेखनप्रपंच.

मुलगा म्हणजे आमचा दौहित्र. त्याचे आईबाप सिंगापुरास असतात. तेथील शाळांस सप्टेंबरच्या आरंभीं आठवडाभर सुटी असते. ती साधून, आणि गणेशचतुर्थीचा योग जुळवून, आमची कन्या मागील एका भाद्रपदांत त्याला घेऊन माहेरीं आली होती. मुलगा मोठा चौकस. मराठी बोलतो, पण शब्द शोधीत शोधीत. त्याच्या आधींच्या सुटींत आईबापांनीं त्याला बोर्निओ बेटांत नेलें होतें. तेथें सकाळीं गांवचा बाजार पाहावयाचा आणि दुपारीं किनाबातांगन नांवाच्या नदींतून नावेनें जंगलांत शिरावयाचें, असा कार्यक्रम झाला. दोहों कांठांस निबिड अरण्य, झाडांवर लांब नाकाचीं वानरें, पाण्यांत मगरी, हें वर्णन त्यानें आम्हांस दोन दिवस पुरविलें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं दूध पितां पितां तो सहज म्हणाला, "आजोबा, राम वनवासात इथेच राहिला ना? मग इथलं जंगल कुठे आहे? आपण पण नावेतून जाऊ या."

आम्हीं चहाचा पेला खालीं ठेविला. पस्तीस वर्षें आम्हीं मुलांस संस्कृत शिकविलें. अगस्त्य ऋषींनीं रामचंद्रांस गोदावरीजवळची पंचवटी सुचविली, लक्ष्मणानें तेथें पर्णशाला उभारली, हें अरण्यकांडांतलें कथानक आम्ही वर्गांत रंगवून सांगत असूं. आणि शाळा सुटली म्हणजे त्याच पंचवटींतून सायकलीवर बसून घरीं येत असूं. वर्गांतलें अरण्य आणि रस्त्यावरची पंचवटी यांचा मेळ कसा घालावयाचा, हें इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानें विचारलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही कधीं सुचलें नाहीं. आज तो हिशेब मागणारा भेटला.

"उद्यां बुधवार," आम्ही म्हणालों. "आधीं बाजार, मग नदी." बाजाराची आम्हांस खात्री होती, जंगलाचें मात्र आम्हीं ईश्वरावर सोंपविलें.

गोदावरीस आम्ही नाशिककर गंगाच म्हणतों. ब्रह्मगिरीवर उगम पावून ती येथून पूर्वेच्या समुद्रास मिळेपर्यंत सुमारें १४६५ किलोमीटर वाहते, परंतु आमच्या बोलण्यांत ती रामकुंडापासून फारशी लांब जात नाहीं. "गंगेवर जाऊन येतों" म्हटलें कीं नाशिकांत पुढें कांहीं विचारावें लागत नाहीं. बुधवारचा आठवड्याचा बाजार या गंगेच्या कांठीं, घाटाच्या फरशीवर आणि लगतच्या पटांगणांवर भरतो. पाण्याच्या इतक्या लगत भरणारा बाजार असल्यामुळें पूर आला म्हणजे त्याला आपलें बिऱ्हाड उचलून वर सरकावें लागतें.

सकाळीं साडेसातास आम्ही आजा-नातू होळकर पुलावर उभे होतों. हा पूल १८९५ सालचा. तेथून खालीं पाहिलें म्हणजे रामकुंड, गंगेचें दक्षिणेकडे वळलेलें पात्र, आणि पात्रांतच उभा असलेला दुतोंड्या मारुति हें सारें एका दृष्टीच्या टप्प्यांत येतें. या मारुतीची आम्हां नाशिककरांस आणखी एक सेवा असते. पाणी त्याच्या गुडघ्यास लागलें, कमरेस लागलें, छातीस लागलें, यावरून गांव पुराचें मान ठरवितें. १९६९ चा पूर आमच्या वडील मंडळींच्या तोंडून आम्हीं ऐकला. २००८ चा आणि २०१६ चा प्रत्यक्ष पाहिला.

"आणि झाडं?" मुलानें विचारलें.

त्याला आम्हीं सीतागुंफेजवळचे वड दाखविले. त्यानें ते नीट मोजले आणि अत्यंत सभ्यपणें म्हणाला, "पाच झाडांचं जंगल?"

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. खालीं तपोवनांत कपिलासंगमापाशीं अजून झाडी आहे, हें आम्हीं त्यास सांगितलें. पुढें सिंहस्थाच्या साधुग्रामासाठीं त्याच तपोवनांतील झाडें तोडण्याचा प्रश्न २०२५ च्या अखेरीस निघाला, तेव्हां नाशिककर तोडीविरुद्ध उभे राहिले. हें वर्तमान आम्हीं मुलास मुद्दाम कळविलें, कारण झाडांविषयींचा त्याचा प्रश्न केवळ पोरकट नव्हता, हें आम्हांस तोंवर कळून चुकलें होतें.

घाटाच्या पायऱ्या उतरतांना आम्हांस आमचें लहानपण आठवलें. या कुंडांत आम्ही पोहावयास शिकलों. तळाशीं वाळू आणि खडक होते, आणि कोठें कोठें पायांस गार झऱ्याचा स्पर्श होई. पुढें २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास कुंडांच्या तळांवर काँक्रीटचा थर बसला. त्याविरुद्ध नागरिकांनीं दीर्घकाळ दाद मागितली, आणि अलीकडे कांहीं कुंडांतला थर काढण्यांतही आला. यात्रेकरूंच्या पायांस चिखल लागूं नये, हा हेतु कांहीं वाईट नव्हता. पण नदीलाही खालून श्वास घ्यावा लागतो, हें तेव्हां ध्यानांत आलें नाहीं. असो.

बाजार नुकताच भरूं लागला होता. एका बाजूस विळे, कोयते, कुदळी आणि खुरपीं मांडून बसलेले लोहार. त्यांच्या पलीकडे बुरुडांचीं सुपें-टोपल्या. मग मिरचीच्या आणि हळकुंडांच्या राशी. मडकीं, दोरखंडें, घोंगड्या. आणि मधोमध भाजीपाल्याची लांबच लांब रांग. चतुर्थी तीन दिवसांवर आणि ऋषिपंचमी चार दिवसांवर आलेली. त्यामुळें त्या दिवशींच्या बाजारास एक निराळाच रंग चढला होता. नेहमींच्या कोबी-बटाट्यांपेक्षां पत्रीचे ढीग, केवड्याचीं कणसें, सुरणाचे गड्डे, अळवाच्या जुड्या, अंबाडी, कुर्डूची भाजी, रानांतलीं काटेरी करटोलीं आणि पळसाच्या पानांचे भारे यांच्याभोंवतींच गर्दी अधिक.

हा माल शेताच्या बांधावरचा कमी आणि डोंगरांतला जास्त. पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबक या भागांतील आदिवासी बायका तो डोक्यावरच्या पाटींत घालून घेऊन येतात. त्यांची बसण्याची जागा रांगेच्या अगदीं शेवटीं, पाण्याच्या बाजूस असते. तराजू नाहीं, फळी नाहीं. एक फडकें पसरावयाचें आणि त्यावर वाटे घालून बसावयाचें.

अशाच एका म्हातारीपुढें मुलगा उकिडवा बसला. तिच्यापुढें करटोलींचे वाटे होते आणि ओल्या फडक्यांत गुंडाळलेली पत्री होती. पत्रीचें नांव काढतांच आमच्यांतला मास्तर जागा झाला. गणपतीच्या एकवीस पत्री कोणकोणत्या, हें आम्हीं मुलास क्रमानें सांगावयास घेतलें: अपामार्ग, अर्क, बृहती, विष्णुक्रांत, शमी... मुलगा म्हणाला, "यातली बृहती कोणती?"

आम्हीं गड्डीकडे पाहिलें. चाळीस वर्षें आम्ही पार्थिव गणपतीची पूजा सांगत आलों आहों. "बृहतीपत्रं समर्पयामि" म्हणून हातास येईल तें पान देवास वाहत आलों आहों. परंतु त्या गड्डींतून बृहती काढून दाखविणें आम्हांस जमेना. म्हातारी आमच्याकडे पाहत होती. संस्कृत नांव तिला अर्थात ठाऊक नव्हतें. आम्हीं कोशांतला अर्थ आठवून "डोरली" म्हटलें मात्र, तिनें न पाहतांच काटेरी पानांची एक काडी ओढून मुलाच्या हातांत दिली. "हिचं बोंड खोकल्यावर देत्यात," ती म्हणाली. मग एकेक पान काढून त्याचें तिच्या तोंडचें नांव, तें कोठें उगवतें आणि कशास चालतें, हें ती त्यास सांगूं लागली. आमच्यापाशीं एकवीस नांवें होतीं. तिच्यापाशीं तीं झाडें होतीं. ज्या जंगलाची आम्हीं ईश्वराकडे मागणी केली होती, तें त्या फडक्यावर आमच्यापुढें पसरलेलें आहे, ही गोष्ट आमच्या ध्यानांत येण्यास मात्र अजून अवकाश होता.

करटोलींच्या वाट्याचे तिनें साठ रुपये सांगितले. आम्ही म्हणालों, "पन्नास."

ती म्हणाली, "नाय परवडत."

आता ऋषिपंचमीचा नियम आपल्या घरोघरच्या भगिनींस ठाऊकच आहे. त्या दिवशीं बैलाच्या कष्टाचें अन्न खावयाचें नाहीं. नांगरल्यावांचून जें उगवतें त्यावर दिवस काढावयाचा. ऋषींचें अन्न तसें, म्हणून एक दिवस आपणही तसेंच खावें, आणि वर्षभर राबणाऱ्या मुक्या जनावराची आठवण ठेवावी, असा त्यांतील भाव. तो नियम मुलास समजावून सांगतां सांगतां आम्हीं त्याचाच उपयोग भाव पाडण्यासाठीं केला. आम्ही म्हणालों, "बाई, हें कांहीं तुम्हीं पेरलेलें नाहीं. नांगर नाहीं, बी नाहीं, खत नाहीं. रानांत आपोआप उगवतें. मग साठ रुपये कशाचे?"

म्हातारी रागावली नाहीं. वाटा आमच्या पिशवींत ओतीत ती म्हणाली, "खरं हाय बाबा. पेरलेलं न्हाई. पन आनलेलं हाय. दोन दिस काट्याकुट्यात येचलंय, पहाटं घर सोडलंय, मंग रस्त्याला येऊन गाडी धरलीय. दे पन्नास."

आम्हीं पन्नास दिले. दहा रुपये वांचविल्याचें समाधान घेऊन आम्ही पायऱ्या चढलों.

वर सराफ बाजारांतून आम्ही भांडी बाजारांत आलों. सराफ बाजाराची एक मौज मुलास सांगितली. वर गंगापूर धरणांतून पाणी सोडल्याचें वृत्त आलें, आणि तें कांहीं हजार क्यूसेकांच्या पुढें गेलें, कीं येथील दुकानदार आपला माल माडीवर हलवूं लागतात. क्यूसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट पाणी. सोन्याच्या पेढीवर बसून नदीचा हिशेब ठेवणारे हे एकच सराफ असतील. भांडी बाजार आणि तांबट लेन हें जुन्या नाशिकचें भूषण. एके काळीं येथें दिवसभर हातोड्यांचा असा नाद चाले कीं शेजाऱ्याशीं मोठ्यानें बोलावें लागे. आतां तो पुष्कळ मंदावला आहे, तरी तांब्या-पितळेच्या भांड्यांनीं भरलेल्या त्या दुकानांपुढून कोणाही गृहस्थास रिकाम्या हातानें जाणें कठीण. कन्येस सिंगापुरास न्यावयासाठीं आम्हीं तांब्याचा एक लहान गडवा पसंत केला. दुकानदारानें तो तराजूंत घातला, वजन सांगितलें, किंमत सांगितली, आणि आम्हीं ती मोजून दिली.

रस्त्यावर आल्यावर मुलगा म्हणाला, "आजोबा, इथे तुम्ही 'कमी करा' म्हणाला नाहीत."

प्रश्न विचारल्यासारखेंही त्यानें विचारलें नाहीं. त्यास जें दिसलें तें त्यानें सांगितलें. आम्ही म्हणालों, "येथें वजनाप्रमाणें भाव असतो." हें उत्तर बरोबर होतें, आणि तें उत्तर नव्हतें, हें आमचें आम्हांसच कळलें. त्या तांबटाच्या मजुरीस आम्हीं मजुरी म्हणून ओळखलें, कारण तिच्यावर हातोड्याच्या खुणा होत्या. म्हातारीच्या चालण्याची खूण करटोलींवर कोठें असणार? आम्ही माघारीं वळून पुन्हां घाट उतरलों. ती जागा रिकामी होती. शेजारणीनें सांगितलें कीं तिचा माल संपला, ती गाडीला गेली.

दुपारीं जेवण करून शेजाऱ्यांच्या मोटारींतून आम्ही गंगापुराकडे निघालों. वाटेंत आनंदवल्ली लागते. राघोबादादा येथें राहत असत, आणि गांवाचें नांव त्यांच्या आनंदीबाईंवरून पडलें. पुढें सोमेश्वराचें देऊळ आणि नदीचा धबधबा. तेथून दोहों बाजूंस द्राक्षांचे मळे सुरू होतात. मुलगा कांच खालीं करून जंगलाची वाट पाहत होता. त्याच्या दृष्टीस तारांवर चढविलेल्या वेली आणि नवीं घरें पडत होतीं.

नाशिकच्या पश्चिमेस असलेलें गंगापूरचें धरण मातीचें आहे. १९६५ सालीं तें पूर्ण झालें. साडेपांच हजार दशलक्ष घनफुटांच्या वर त्यांत पाणी मावतें, आणि नाशिक शहराच्या नळांस जें पाणी येतें त्याचा मुख्य आधार हाच जलाशय. येथील कांठावर नौकाविहाराची सोय झालेली आहे. त्या दिवशीं आभाळ उघडलें होतें, वारा बेताचा होता. बुडूं नये म्हणून घालावयाचीं जाकिटें आम्हां दोघांच्या अंगांत चढवून नावाड्यानें यंत्र सुरू केलें, आणि कांठ मागें पडूं लागला.

पाणी इतकें विस्तीर्ण कीं पलीकडचा कांठ हिरव्या रेघेएवढा दिसे. एका बुडत्या खुंटावर पाणकावळा पंख वाळवीत बसला होता. बगळ्यांची एक माळ आमच्यावरून गेली. मगरी नव्हत्या, वानरें नव्हतीं, पाण्यावर ओठंगलेली झाडी नव्हती. मुलानें बराच वेळ पाहिलें आणि मग विचारलें, "नदी कुठून जाते?"

आम्हीं नावाड्याकडे पाहिलें. तो चाळिशीचा, त्याच भागांतला गृहस्थ होता. यंत्र मंद करून त्यानें पाण्याखालीं बोट दाखविलें. "नदी खाली आहे, बाळ. आत्ता आपण आहोत ना, तिथून जराशी त्या अंगाला. आमचे आजोबा सांगायचे. आमचं वावर इथंच होतं, नदीच्या काठाला. धरण झालं, वावर पाण्यात गेलं. आता त्याच वावरावरून मी नाव चालवतो." आणि मग आमच्याकडे वळून हंसत म्हणाला, "सर, तुम्ही गावातले. तुमच्या नळाला पाणी येतं ते आमच्या वावरावरून येतं बघा."

त्याच्या बोलण्यांत कडवटपणा नव्हता, म्हातारीच्याही नव्हता. म्हणूनच तें अधिक लागलें. आम्ही सकाळीं नळ सोडतों, भांडें भरतों, कोठें तक्रार असली तर तिचें वृत्त वर्तमानपत्रांत वाचतों. पाणी आभाळांतून पडतें, नदींतून येतें, त्यास मोल कशाचें, अशीच आमचीही समजूत. पेरलेलें नाहीं हें खरें. पण तें कोणाच्या तरी जमिनीवर सांठविलेलें आहे, हें आमच्या ध्यानांतही नव्हतें.

पश्चिमेस ढग वर उचलले गेले, आणि अंजनेरीची आणि ब्रह्मगिरीची रांग स्वच्छ दिसूं लागली. काळा कडा, त्याखालीं गर्द हिरवें रान, त्यांतून उतरलेल्या पांढऱ्या धारा. भवभूतीच्या उत्तररामचरिताचा दुसरा अंक आम्हीं कितीदां शिकविला असेल! कित्येक वर्षांनंतर राम याच दंडकारण्यांत परत येतो, तेव्हां नदीचें पात्र आणि झाडी इतकीं पालटलेलीं असतात कीं त्यास जागेची ओळख पटते ती केवळ डोंगरांवरून. परीक्षेसाठीं त्यांतले समास सोडवून देतांना हा प्रसंग आपलाही आहे, असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. आज नावेंत बसून वाटलें. पात्र पालटलें, तळ पालटला, झाडी गेली. डोंगर तेवढे जागच्या जागीं आहेत.

मुलास आम्हीं ती रांग दाखविली आणि सांगितलें, "बाळ, जंगल तेथें आहे. पूर्वीं खालीं गांवापर्यंत होतें, आतां तेवढें उरलें. सकाळची म्हातारी त्याच बाजूच्या रानांतून आली होती, आणि हें पाणीही त्याच बाजूनें आलें आहे."

तो म्हणाला, "म्हणजे जंगल रोज आपल्याकडे येतं. आपण जात नाही."

आम्हांस याहून अधिक नेमकें बोलतां आलें नसतें. पण त्यास सांगावयाची एक गोष्ट उरली होती, आणि ती सांगणें आम्हांस जड गेलें. त्या डोंगरांच्या पलीकडे पेठ, सुरगाण्याकडे आमच्या नाशिकापेक्षां कितीतरी अधिक पाऊस पडतो. तो दमणगंगेसारख्या नद्यांनीं वेगानें पश्चिमेच्या समुद्रास जातो. आणि चैत्र-वैशाख आला म्हणजे तेथील पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन दूरच्या विहिरींचा तळ खरवडतात, हें आम्ही दरसाल वाचतों. जी बाई आम्हांस रान आणून देते, तिच्या दाराशीं उन्हाळ्यांत पाणी नसतें. आणि आम्ही, ज्यांच्या दाराशीं तें बाराही महिने येतें, तिच्याशीं दहा रुपयांसाठीं शास्त्रार्थ करितों!

मुलानें विचारलें, "मग ते दहा रुपये?"

आम्ही म्हणालों, "देणें आहे."

ऋषिपंचमीस भाजी झाली. सुरण, अळू, अंबाडी, मक्याचीं कणसें आणि तीं करटोलीं, अशी सर्वांची मिळून एकच भाजी, सोबत वरईचा भात. आमची कन्या म्हणाली, "बाबा, या वर्षीं भाजी छान झाली." आम्हीं पान स्वच्छ केलें. बैलाच्या कष्टाचें कांहीं खावयाचें नाहीं, हा नियम आम्ही आजवर पाळीत आलों. पण बाईच्या कष्टाचें खातों आहों, एवढी तरी जाणीव त्या दिवशीं असावी, हें आमच्या ध्यानांत प्रथमच आलें. व्रत कोणीं कसें पाळावें, हें सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. आम्हांस जें सुचलें तें सांगितलें.

मुलगा परत गेला. त्या पुढच्या बुधवारीं आम्ही दहा रुपयांची नोट वरच्या खिशांत निराळी ठेवून घाटावर गेलों. म्हातारी आली नव्हती. त्याच्याही पुढच्या बुधवारीं गंगेस पाणी आलें होतें, बाजार वर सरकला होता, आणि तींत ती कोठें दिसली नाहीं. तिसऱ्या बुधवारीं मात्र ती रांगेच्या शेवटीं तशीच फडकें पसरून बसलेली आढळली. आम्हीं नोट पुढें केली आणि कशाची तें सांगितलें. तिला कांहीं आठवेना. दिवसांतून असे किती बाबा भाव पाडीत असतील! शेवटीं ती हंसली, नोट कमरेच्या पिशवींत ठेविली, आणि मोसमाच्या अखेरचीं करटोलीं होतीं त्यांतलीं मूठभर, आम्ही नको नको म्हणत असतां, आमच्या पिशवींत टाकलीं.

त्यामुळें आमचें देणें अजून फिटलेलें नाहीं. सिंगापुराहून पत्र आलें म्हणजे त्याची चौकशी होते.

नाशिकास येणाऱ्या वाचकांनीं रामकुंड, काळाराम, सीतागुंफा हीं तर पाहावींच. पण बुधवार गांठून आले, तर घाटावरच्या रांगेच्या अगदीं शेवटपर्यंत एकदां चालत जावें. आणि पावसाळा ओसरतां ओसरतां आले, तर गंगापूरच्या पाण्यावरून पश्चिमेच्या डोंगरांकडे पाहावें. पंचवटींत जंगल कोठें आहे, असें बरोबरच्या मुलानें विचारलें, तर त्यास दाखवावयास वाचकांपाशीं या दोन जागा तरी असतील. आम्हांस त्या सांपडावयास साठ वर्षें लागलीं.